कणसरीचा प्रश्न आणि धर्मशिक्षकाची घडण

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत सिल्वासा परिसरातील धर्मशिक्षक आणि धर्मग्रामाचे कार्यकर्ते यांच्यासाठी भरलेल्या तीन दिवसांच्या शिबिरात व्याख्याने देण्याचा योग आम्हाला आला होता. पहिल्या दिवशी विषय होता 'पहिली आज्ञा'. आम्ही तयारीनिशी गेलो होतो. फळ्यावर मुद्दे मांडले, बायबलमधील संदर्भ सांगितले आणि अखेरीस प्रथेप्रमाणे "कोणाची काही शंका?" असे विचारले. मागच्या बाकावरील एक वारली तरुणी उभी राहिली. आठवड्याचे सहा दिवस त्या प्राथमिक शाळेत शिकवीत आणि रविवारी पाड्यावरील मुलांना धर्म शिकवीत. त्या म्हणाल्या, "फादर, भात झोडून घरात आलं की माझी आई कणसरीला पुजते. मी ख्रिस्ती झाले, आई झाली नाही. आईला मी काय सांगू? आणि वर्गातल्या मुलांनी विचारलं तर मुलांना काय सांगू?"

आम्ही पहिल्या आज्ञेचा अर्थ पुन्हा एकदा, अधिक सोप्या शब्दांत सांगितला. परमेश्वर एकच आहे, निर्मितीची पूजा करायची नसते, निर्मात्याची करायची असते, हे सर्व सांगितले. बाईंनी ते वहीत उतरवून घेतले आणि त्या खाली बसल्या. प्रश्न सुटला असे समजून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. रात्री जेवणानंतर शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या धर्मभगिनी आम्हाला म्हणाल्या, "बाई सांगत होत्या, फादरांचं उत्तर बरोबर आहे, पण ते घेऊन घरी जाता येत नाही."

हे एक वाक्य आमच्या मनातून आजवर गेलेले नाही. जे उत्तर बरोबर असते पण घरी नेता येत नाही, त्याला श्रद्धाशिक्षण म्हणावे काय? आणि असे उत्तर देणारा जर प्रशिक्षक असेल, तर प्रशिक्षणाची खरी गरज कोणाला आहे? धर्मशिक्षकांची व धर्मग्रामातील कार्यकर्त्यांची घडण म्हणजे नेमके काय, ख्रिस्तसभेने तिच्याविषयी काय विचार केला आहे आणि सिल्वासासारख्या ठिकाणी ती कशी व्हावी, याचे थोडे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. अखेरीस बाईंच्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ.

१. भूमी आणि माणसे

दादरा व नगर हवेली हा प्रदेश आकाराने लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांकडून तो पोर्तुगीजांकडे गेला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो मुक्त झाला आणि १९६१ साली भारतीय संघराज्यात रीतसर विलीन झाला. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एक केंद्रशासित प्रदेश बनला आहे. ख्रिस्तसभेच्या रचनेत मात्र तो गोवा व दमण महाधर्मप्रांतात मोडतो. सिल्वासा येथील करुणामाता मरियेचे जुने मंदिर पोर्तुगीज काळातले आहे. महाधर्मप्रांताचे केंद्र येथून सातशे किलोमीटरांहून अधिक दूर, तर वसई, नाशिक व बडोदा हे धर्मप्रांत जवळचे. ज्या धर्मप्रांताचे आपण आहोत तो दूर आणि ज्यांची भाषा व जीवन आपल्यासारखे आहे ते शेजारी, अशी ही स्थिती होय. सीमेपलीकडे तलासरी येथे येशूसंघीयांनी वारली समाजात दीर्घकाळ शिक्षणकार्य केले आहे. त्या अनुभवाचा लाभ घेण्यास धर्मप्रांताची सीमा आड येऊ नये असे आम्हाला वाटते.

२०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,४३,७०९ होती. तिच्यापैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली सर्वांत अधिक, त्यांच्याखालोखाल धोडिया, कोकणा, काथोडी, दुबळा इत्यादी. ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे दीड टक्का भरते. हा दीड टक्काही एकजिनसी नाही. पोर्तुगीज काळापासून राहिलेली कोकणी बोलणारी गोवेकर कुटुंबे, वसई-पालघरकडून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे, कारखान्यांत कामाला आलेले केरळ, तामिळनाडू, झारखंड व ओडिशा येथील श्रद्धावंत आणि खानवेल-दुधनीच्या बाजूचे आदिवासी ख्रिस्ती, असे त्याचे अनेक पदर आहेत. शाळाही एका माध्यमाच्या नाहीत. गुजराती, मराठी, हिंदी व इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या शाळा या छोट्या प्रदेशात चालतात. त्यामुळे एकाच रविवारच्या वर्गात चार माध्यमांची मुले बसतात, आणि पाड्यावर गेल्यास वारली वा कोकणा बोलीवाचून तरणोपाय नसतो.

अशा ठिकाणी धर्मगुरू एकट्याने काय करणार? धर्मग्राम दूरवर पसरलेला असतो. पावसाळ्यात दमणगंगेला पूर आला की काही पाड्यांवर पोहोचणे दुरापास्त होते. मुलांना क्रुसाची खूण करण्यास शिकविणारा, आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना म्हणणारा, दुःखी घरात धर्मगुरूच्या आधी पोहोचणारा जो माणूस असतो, तो बहुधा प्रापंचिक असतो, आणि पुष्कळदा ती स्त्री असते. त्यांची घडण ही चैनीची बाब नाही. धर्मग्रामाचे जगणे त्यांच्यावर अवलंबून आहे.

२. शिकविण्याचा थकवा आणि त्यावरील उपाय

धर्मशिक्षकांच्या घडणीचा प्रश्न आजचा नाही. सुमारे इ. स. ४०० मध्ये कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या डीकनने संत ऑगस्तीनकडे एक तक्रार केली होती. श्रद्धेची प्राथमिक ओळख करून घेण्यासाठी येणाऱ्यांना तो शिकवीत असे, पण तेच ते सांगून त्याला कंटाळा येई, आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटे. ऑगस्तीनने त्याला उत्तरादाखल एक छोटा ग्रंथच लिहून पाठविला. त्यात काय सांगावे याची रूपरेषा आहे, दीर्घ व लघु असे दोन नमुना-पाठही आहेत. परंतु त्याचा बराचसा भाग शिकविणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी आहे. शिकविणारा कशाने खचतो, याची कारणे ऑगस्तीन एकेक करून मांडतो आणि प्रत्येकावर उपाय सुचवितो. आपल्या गावात आलेल्या मित्राला नेहमीच्या पाहण्यातली स्थळे दाखविताना ती आपल्यालाही पुन्हा नवी वाटू लागतात, तसेच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे जुना पाठ नवा होतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. समोरचा माणूस कोण आहे, तो कशासाठी आला आहे, हे आधी विचारावे आणि त्याच्या उत्तरापासून आरंभ करावा, हेही तो बजावतो. सोळा शतकांपूर्वीचा हा सल्ला आम्ही त्या शिबिरात विसरलो होतो. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या आईविषयी आम्ही एक शब्दही विचारला नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या कार्याचा इतिहास मोठा आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. ते रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना व गुलामांना जमवीत आणि श्रद्धेची तत्त्वे गाऊन शिकवीत. पुढे मोतीकिनाऱ्यावर त्यांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने तमिळमध्ये प्रार्थना तयार केल्या. त्यांत भाषेची चूक राहून गेली होती. श्रद्धांगीकारात 'मी विश्वास ठेवतो' असे म्हणण्याऐवजी 'मला हवे आहे' अशा अर्थाचा शब्द पडला होता. १५४४ साली आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात झेवियर ती चूक सुधारण्यास सांगतात. आम्हाला हा प्रसंग मोठा बोधप्रद वाटतो. एवढा मोठा संत चुकला याचे नवल नाही. त्याने ऐकले, चूक ओळखली आणि सहकाऱ्याला कळविली, हे महत्त्वाचे. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांना त्यांनी प्रश्नोत्तरांच्या पोथीबरोबर कथाही दिली, आणि ती त्यांच्या कानाला रुचेल अशा छंदात दिली.

युरोपात ट्रेंट महासभेनंतर १५६६ साली धर्मगुरूंसाठी प्रश्नोत्तरविरहित असा मोठा धर्मशिक्षणग्रंथ निघाला, आणि पुढील काळात मुलांसाठी प्रश्नोत्तरांच्या लहान पुस्तिकांची परंपरा सर्वत्र रूढ झाली. तिने फार मोठे कार्य केले हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांची श्रद्धा तिच्यावरच पोसली गेली. तथापि, पाठांतर झाले म्हणजे श्रद्धाशिक्षण झाले, हा समज तिच्याबरोबर रुजला. या समजाला विसाव्या शतकात धक्का बसला. ऑस्ट्रियाचे उपासनातज्ज्ञ योसेफ युंगमान यांनी १९३६ साली दाखवून दिले की, श्रद्धेची घोषणा ही मुळात आनंदाची वार्ता आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी ख्रिस्त असावा, सूत्रांची यादी असू नये. त्यांचे शिष्य योहानेस होफिंगर यांनी हा विचार आशिया खंडातील मिशनभूमीपर्यंत नेला. १९६२ साली बँकॉक येथे भरलेल्या अभ्याससप्ताहात श्रोत्याच्या संस्कृतीचा व पूर्वतयारीचा विचार पुढे आला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर भारतीय बिशपांनी १९६७ साली बंगळूर येथे बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. त्याचे आद्य संचालक फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी माणसाच्या अनुभवापासून आरंभ करून ख्रिस्ताच्या वचनाकडे जाण्याची पद्धत भारतभर रुजविण्याचा प्रयत्न केला.

धर्मशिक्षणाविषयी रोमहून १९७१, १९९७ व २०२० अशी तीन मार्गदर्शिका प्रसिद्ध झाल्या. धर्मशिक्षकाची घडण कशी व्हावी याचे विवेचन त्या सर्वांत आहे. शेवटच्या दोहोंचा गाभा असा की, धर्मशिक्षकाच्या घडणीला तीन अंगे असतात: त्याने काय असावे, काय जाणावे आणि काय करता यावे. यांत 'असणे' पहिले येते. २०२० च्या मार्गदर्शिकेने त्याला 'इतरांसोबत असणे' याचीही जोड दिली आहे. आपली शिबिरे बहुधा दुसऱ्या अंगावरच सर्व वेळ खर्च करतात, तिसऱ्याला अर्धा तास देतात आणि पहिले अंग गृहीत धरतात.

३. तीन भूमिका, तीन मर्यादा

प्रशिक्षणाची आखणी करण्यापूर्वी कोणाची घडण करावयाची आहे हे स्पष्ट असले पाहिजे. आमच्या अनुभवास आलेला मोठा घोटाळा असा की, शाळेतील शिक्षक, धर्मशिक्षक आणि धर्मग्रामाचा कार्यकर्ता या तिघांना एकाच खोलीत बसवून एकच व्याख्यान दिले जाते. पुष्कळदा या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात हे खरे. परंतु तसे असेल तेव्हा त्यांतील भेद अधिकच जपावा लागतो.

कॅथोलिक शाळेतील शिक्षक हा सर्व धर्मांच्या मुलांचा शिक्षक असतो. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८ (३) अन्वये सरकारमान्य वा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसविता येत नाही. हे बंधन आपण नाइलाजाने पाळावे असे नाही. ते आपल्या श्रद्धेशीही सुसंगत आहे, कारण ७ डिसेंबर १९६५ रोजी महासभेने धर्मस्वातंत्र्याविषयी जी घोषणा केली तिच्यानुसार श्रद्धेचा स्वीकार स्वभावतःच मुक्त असतो. यास्तव शाळेतील मूल्यशिक्षणाचा तास हा सर्वांचा तास राहिला पाहिजे. सत्य, श्रम, क्षमा, दुर्बलाची कदर हे तेथील विषय. कॅथोलिक मुलांसाठी वेगळा धर्मशिक्षणाचा तास असेल तर तो उघडपणे त्याच नावाने असावा. एकाच्या आडून दुसरे करणे हा दोन्ही तासांचा अपमान होय. शाळेतील शिक्षकाची ख्रिस्ती साक्ष त्याच्या वर्तनातून दिसते. तो कोणाला हिणवीत नाही, गरीब मुलाची वही आधी तपासतो, पगार घेतो तेवढे शिकवितो, हे पाहणाऱ्यांना दिसतेच.

धर्मशिक्षक हा ख्रिस्तसभेच्या वतीने, ख्रिस्ती समुदायाच्या मुलांना व प्रौढांना श्रद्धेत वाढविणारा सेवक असतो. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचे सेवापद ख्रिस्तसभेत विधिपूर्वक स्थापन केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांनाही खुली झाली होती. यात नवीन काय? पाड्यावर वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या स्त्रीला आजवर 'फादरना मदत करणारी' असे म्हटले जाई. आता ख्रिस्तसभा म्हणते की, हे तिचे स्वतःचे पाचारण आहे आणि तिच्या स्नानसंस्कारातूनच ते उगवले आहे. मात्र या पदाचा झगा बनू नये. पद मिळाल्यावर मागच्या बाकावरून पुढच्या खुर्चीवर येणे एवढाच त्याचा अर्थ उरला, तर आपण नवी धर्मगुरुशाही निर्माण केल्यासारखे होईल.

तिसरा धर्मग्रामाचा कार्यकर्ता. १९८३ च्या कायदेसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक व्यवहार पाहणारी समिती असणे अनिवार्य आहे. पास्टरल परिषद बिशपांच्या निर्णयानुसार स्थापिली जाते. या मंडळींच्या प्रशिक्षणात हिशेब, सभेची कार्यपद्धती, कायद्याची ओळख हे विषय हवेतच. पण त्याहून मोठा विषय म्हणजे अधिकाराचा वापर. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग दरवर्षी पुण्य गुरुवारी आपण पाहतो. सभेत आदिवासी सभासद बोलू लागला की शहरी सभासद घड्याळाकडे पाहतो काय, हेही तितक्याच लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. संत पौलाने एफेसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, पाळक व शिक्षक ही देणगी कशासाठी दिली आहे ते सांगितले आहे. पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करावे म्हणून ती आहे. जो पुढारी दुसऱ्या कोणाला सिद्ध करीत नाही, तो कितीही कार्यक्षम असला तरी पौलाच्या मोजपट्टीत बसत नाही.

येथे एक अप्रिय मुद्दाही मांडला पाहिजे. त्याच कायदेसंहितेचे कलम २३१ दोन गोष्टी एकत्र सांगते. ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेला वाहून घेणाऱ्या प्रापंचिकांनी योग्य शिक्षण घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे, आणि आपल्या परिस्थितीस शोभेल असे मानधन मिळणे हा त्यांचा हक्क आहे. पहिले वाक्य आपण शिबिरात वाचतो, दुसरे वाचत नाही. पूर्ण वेळ काम करणारा धर्मशिक्षक कारखान्यातील हंगामी कामासाठी निघून गेला की 'त्याची श्रद्धा कमी पडली' असे म्हणणे सोपे असते. त्याच्या मुलांची फी कोणी भरली होती, हे विचारणे अवघड असते.

४. घडण कशी व्हावी?

आता व्यवहाराकडे वळू. सिल्वासाच्या परिस्थितीत कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात, याविषयी आमचे निरीक्षण थोडक्यात असे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. कारखाने पाळीत चालतात आणि सर्वांना रविवारची सुट्टी असतेच असे नाही. शेतकरी कुटुंबे आषाढ-श्रावणात लावणीत व दिवाळीच्या आगेमागे कापणीत गुंतलेली असतात. तेव्हा वर्षातून एकदा तीन दिवस भरगच्च व्याख्याने देण्यापेक्षा, महिन्यातून एक संध्याकाळ आणि उन्हाळ्यात एक निवासी शिबिर ही योजना बरी. शिबिरात पेरलेले बी महिन्याच्या बैठकीत पाणी मिळाले तरच तगते.

दुसरी गोष्ट भाषेची. व्याख्यान मराठीत वा हिंदीत झाले तरी प्रत्येक शिक्षकाने पाठ तयार करावा तो ज्या बोलीत त्याला तो द्यावयाचा आहे त्या बोलीत. 'कृपा', 'तारण', 'संस्कार', 'पश्चात्ताप' हे शब्द पाड्यावरील मुलाला कोणत्या शब्दाने कळतील, यावर शिक्षकांनी आपसांत खल करावा. झेवियरची चूक आठवावी. शब्द चुकला तर श्रद्धांगीकाराचाच अर्थ बदलतो. म्हणून हे काम एकट्याने करू नये. बोली जाणणाऱ्यांनी शब्द सुचवावेत आणि धर्मगुरूने अर्थाची राखण करावी.

तिसरी गोष्ट सरावाची. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही. प्रत्येक शिबिरार्थीने इतरांपुढे दहा मिनिटांचा पाठ द्यावा आणि इतरांनी दोनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत: या पाठात येशू कोठे भेटला? मूल घरी काय घेऊन जाईल? दुसरा प्रश्न आम्ही बाईंच्या त्या वाक्यापासून उचलला आहे.

चौथी गोष्ट प्रार्थनेची. एम्माऊसच्या वाटेवर येशू त्या दोन शिष्यांना आधी विचारतो, मग त्यांचे ऐकून घेतो, नंतर शास्त्र उलगडून सांगतो आणि अखेरीस भाकर मोडतो. हा क्रम आपण पुष्कळदा उलटा करतो. आरंभीच शास्त्र सांगू लागतो आणि ऐकण्यास वेळ उरत नाही. धर्मशिक्षकाने स्वतः त्या वाटेवरून चालल्याखेरीज त्याला दुसऱ्याबरोबर चालता येणार नाही. शुभवर्तमानाचे नित्य वाचन, मिस्साबलिदानातील सहभाग, प्रायश्चित्त संस्कार आणि एखाद्या जाणत्या व्यक्तीशी मोकळे बोलणे ही 'असण्या'ची साधने होत. त्यांची सोय करणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे.

पाचवी गोष्ट पाठपुराव्याची. शिबिरानंतर प्रशिक्षकाने पाड्यावर जाऊन वर्ग पाहावा. त्याची तपासणी करण्याच्या हेतूने जाऊ नये, स्वतः शिकण्यासाठी जावे. आम्ही ज्या ज्या वेळी गेलो, त्या त्या वेळी आमचे टिपण बदलावे लागले.

५. पुन्हा कणसरी

आता बाईंच्या प्रश्नाकडे. वारली समाजाच्या भावविश्वात धरतरी, कणसरी आणि गावतरी यांना फार मोठे स्थान आहे. धरतरी म्हणजे भूमी, कणसरी म्हणजे धान्य, गावतरी म्हणजे गाय. या तिघींवर माणसाचे जगणे उभे आहे अशी ही जाणीव होय. कणसरी रुसली तर घर उपाशी राहते, म्हणून धान्य पायदळी तुडवू नये, वाया घालवू नये, आलेले धान्य मानाने घरात घ्यावे. हे जाणल्यावर आमच्या लक्षात आले की, बाईंची आई जे करीत होती त्यात दोन गोष्टी गुंतलेल्या होत्या. अन्न हे आपल्या कर्तबगारीचे फळ नसून देणगी आहे, ही कृतज्ञता एक. ती कोणाकडे वळवावी याचे उत्तर दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट बायबलला परकी नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन परमेश्वरापुढे येतो आणि आपल्या पूर्वजांची कथा सांगतो. महासभेच्या मिशनकार्यविषयक आदेशाने राष्ट्रांच्या परंपरांत दडलेली वचनाची बीजे आनंदाने व आदराने शोधण्यास सांगितले आहे. दुसऱ्या गोष्टीत मात्र श्रद्धावंताचा मार्ग वेगळा होतो आणि तो वेगळेपणा लपवून चालणार नाही. ख्रिस्ती माणूस धान्याला नमन करीत नाही. धान्य देणाऱ्या पित्याला तो नमन करतो. आमची चूक अशी की, दुसरी गोष्ट सांगण्याच्या घाईत आम्ही पहिली फेकून दिली आणि मुलीच्या हाती आईविरुद्धचा निकाल ठेवला.

आणि या कृतज्ञतेसाठी ख्रिस्ती रूप शोधावयास आम्हाला दूर जावे लागले नसते. बाई ज्या महाधर्मप्रांताच्या आहेत त्याच महाधर्मप्रांतात, गोव्यात, कणसांचे फेस्त साजरे होते. साष्टीतील राय येथे ५ ऑगस्टला आणि ताळगाव येथे २१ ऑगस्टला नव्या पिकाची कणसे आशीर्वादित केली जातात. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो. त्या दिवशीही भाताची कणसे वाजतगाजत मंदिरात आणतात. म्हणजे कोकणच्या संपूर्ण किनाऱ्यावरील ख्रिस्ती शेतकरी हेच करीत आला आहे. कणीस तेच, हात तेच. कृतज्ञता कोणाकडे वळली आहे, हे मात्र तो स्पष्टपणे जाणतो. सिल्वासाच्या पाड्यावरील नवख्रिस्ती मुलीला हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही सांगितले नाही.

दुसऱ्या वर्षीच्या शिबिरात आम्ही बाईंची क्षमा मागितली आणि हे सर्व त्यांच्यापुढे मांडले. आईला काय सांगावे याचे उत्तर आम्ही दिले नाही. आधी आईला विचारा, असे म्हणालो. आई कणसरीला काय म्हणते, कधीपासून म्हणते, तिला कोणी शिकविले, हे मुलीने आदराने ऐकावे. मग आपण कोणाचे आभार मानतो आणि का, हे प्रेमाने सांगावे. पुढे काय करावयाचे ते आईने ठरवावे. तिची सदसद्विवेकबुद्धी परमेश्वराने तिला दिली आहे, आम्हाला नव्हे. मुलांना मात्र खरे ते सांगावे, आणि सांगताना कोणाच्याही आईची टवाळी होऊ देऊ नये.

त्या वर्षी कापणीनंतरच्या एका रविवारी पाड्यावरील मुलांनी नव्या भाताची कणसे वेदीपुढे आणली. निर्मात्याने पृथ्वीला धान्य देण्यास सांगितले तो उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पाठ बाईंनी वारलीत घेतला. आईविषयी आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आई आली नाही, फादर. पण कणसं तिनेच निवडून दिली."

यावरून कोणताही मोठा निष्कर्ष आम्ही काढू इच्छीत नाही. बाईंच्या घरातील प्रश्न संपला असेही आम्ही म्हणत नाही. कदाचित तो त्यांच्या आयुष्यभर चालेल. परंतु या वेळी त्यांनी जे उत्तर नेले ते घरात नेता आले, एवढे खरे. आमच्या सेमिनरीत उद्याचे धर्मगुरू घडतात. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, धर्मग्रामात गेल्यावर धर्मशिक्षकांचे शिबिर भरविताना व्याख्यानाच्या टिपणांबरोबर एक कोरी वही न्यावी. तिच्यात प्रथम त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्या प्रश्नांतील माणसे कोण आहेत ते विचारावे. उत्तर देण्याची घाई करू नये.